पखवाजाची कणीक

माऊलीच्या कोपराखाली, लाल सुजेच्या कडेकडेने डॉक्टरांनी पेनाने रेघ ओढली. शेताला बांध घालावा तशी.

"ताई, लाली हिच्या बाहेर सरकली तर लगेच हाक मारा."

तेव्हापासून मीनाची नजर नवऱ्याच्या तोंडावर कमी आणि त्या रेघेवर जास्त.

माऊली कुंभार पिंपळगावचा पखवाजी. सप्ताहात बुवा कुठलेही येवोत, पखवाज त्याचाच. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक थापतात, म्हणजे घुमारा भरतो. कीर्तन संपलं की ती खरवडून गाईला घालायची. या घरात मात्र थोडी राखून ठेवायची रीत होती. जिने हरिनाम ऐकलं ती कणीक बांधली की फोड बसतो, असं सासूबाई सांगायच्या. आणि बसायचाही.

म्हणून माऊलीच्या मनगटाशी केस्तूड उठलं, तेव्हा मीनाने तीच कणीक कोमट करून बांधली. माऊली हसला, "बांध. लई मार खाल्लाय तिनं माझ्या हातचा. आता फेडू दे."

तसल्याच हाताने तो वाजवत राहिला, तसल्याच हाताने कणीक थापत आणि खरवडत राहिला. मेडिकलवरून आणलेल्या गोळ्यांनी फरक पडेना. मनगट तापलं, मग सगळं अंग. काल्याच्या कीर्तनाला त्याच्या जागी दुसरा माणूस बसला.

जालन्याच्या दवाखान्यात चिरा देऊन पू काढला, थोडा तपासायला पाठवला. तरीही लाली रेघ ओलांडून बोटभर वर चढली. ही रेघच पुसून पुढे ओढावी, असं मीनाला वाटून गेलं.

"हात ऱ्हाईल ना ओ, डॉक्टर?"

"हाताचं नंतर बघू ताई. आधी हे रक्तात पसरायला नको."

रिपोर्ट आला. नेहमीच्या गोळ्यांना हे जंतू दाद देत नव्हते. दुसरं औषध शिरेतून सुरू झालं. मीना थेंबाथेंबाला नाव घेत बसली. पांडुरंगा, तुझ्याच दारात वाजणारा हात आहे रे हा.

सकाळी लाली थांबली होती. दुपारी रेघेच्या आत आली. माऊलीने डोळे उघडले.

"काल्याला कोण बसलं व्हतं?"

"सर्जेराव."

"मंग काला झालाच न्हाई म्हन."

मीना हसता हसता रडली.

डॉक्टरांनी विचारलं, "आणखी कुणाला असे फोड आहेत? जखमेला काय लावलं होतं?"

मीना कणकेचं सांगू लागली आणि मध्येच तिला आठवलं. माऊलीने दुखऱ्या हाताने खरवडलेली, उरलेली कणीक तिने शेजारच्या साळूबाईंना दिली होती. नातीच्या, शीतलच्या मांडीवर पुळी होती म्हणून. वाटी भरून, स्वतःच्या हाताने.

तिने फोन लावला. "काकू, ती कणीक लावली का?"

"लावली की! रोज लावून राह्यले."

"पोरीची मांडी कशी हाय?"



"लाल झालीय गं. हात लावू देईना. सकाळपासून उठलीच न्हाई."

"कणीक काढून टाका, हात धुवा. घरात पेन हाय का? लालीच्या कडेनं रेघ ओढा अन् जल्दी जालन्याला निघा."

खुडबूड ऐकू आली. मग पोरीचं कण्हणं.

"मीने," साळूबाई परत फोनवर आल्या, "लाली कुठं संपती तेच दिसंना गं."

"रेघ राहू द्या, काकू. तशाच निघा."