डब्यातली सात कार्डं

कुत्र्याला गोळी घातली त्या दिवशीसुद्धा मी टाइप करत होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे माझ्याविषयी कुणाचा उगाच चांगला समज व्हायला नको.

माझा नवरा ऑरिन हॅल्स्टेड कादंबऱ्या लिहायचा. त्याची पहिली कादंबरी सुट्या पानांची होती, खोक्यात घालून विकलेली. वाचणाऱ्याने पानं पिसायची आणि येतील तशी वाचायची. दुसऱ्या कादंबरीच्या प्रत्येक प्रतीला आरपार भोक होतं. खाणीत गठ्ठे रचून त्याने स्वतः बंदूक चालवली होती. जे शब्द उडाले ते उडाले. तीनशे प्रती खपल्या, पण ते तीनशे लोक त्याच्यावर जीव टाकायचे. मी कॉलेजात त्याच्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसायचे आणि मीही त्यातलीच एक होते. लग्न झालं, विनी झाली, आणि आम्ही व्हरमाँटच्या डोंगरात या घरात राहायला आलो. सर्वांत जवळचं घर दोन मैलांवर, प्रूइटांचं.

तिसऱ्या कादंबरीचा नियम असा. सप्टेंबरात त्याने बावन्न जाड कार्डं टाइप केली, एकेका कार्डावर एकेक वाक्य, आणि ती बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घातली. नोव्हेंबरपासून रोज सकाळी खाणं झालं की न बघता एक काढायचं. त्यावर असेल ते त्या दिवशी घरात घडलंच पाहिजे. मग तो संध्याकाळपर्यंत हाताने लिहायचा, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे उठून मी ते टाइप करायचे. निघालेलं कार्ड भिंतीवर टाचलं जायचं. उरलेली तो दर रविवारी मोजायचा.

"मी काही रचत नाही," तो म्हणायचा. "डब्यातून निघेल ते."

सुरुवातीला मजा होती. एक दिवस घरभर उलटं चालायचं, एक दिवस कुणाचं नाव घ्यायचं नाही. मग ताटं फुटली. मग माझ्या आईने दिलेला आरसा. मग फोनची तार कापली गेली. एका कार्डाने गाडीची किल्ली पुस्तक संपेपर्यंत त्याच्या कोटाच्या खिशात गेली. तेराव्या दिवशी कार्ड निघालं: पहिल्या प्रश्नाचं उत्तर थपडेने द्यावं. मला ठाऊक नव्हतं. मी विचारलं, "आणखी कॉफी घेणार?"

मी खुर्चीसकट पडले. बर्फ त्यानेच आणला, फडक्यात बांधून माझ्या गालाला लावला आणि वही उघडली. "कानात आवाज आला? कसा आला?"

मी सांगितलं. बारकाईने सांगितलं. दुसऱ्या दिवशी टाइप करताना वाटलं, चांगलं उतरलंय.

न्यूयॉर्कहून त्याचा संपादक सोल आला होता तेव्हा माझा ओठ फुटलेला होता, तो दुसऱ्या एका कार्डाने. सोल माझ्या शेजारी उभा राहून हळू आवाजात म्हणाला, "लिनेट, तू कशात राहतेयस, कळतंय तुला?" मला रडू यायच्या बेतात होतं. मग दिसलं की तो भिंतीकडे बघत होता. "वीस वर्षांत असं काही झालेलं नाही," तो म्हणाला.

कुत्र्याचं कार्ड असं होतं: घरात वयाने सर्वांत जुनं जे असेल त्याला दुपारच्या आत संपवावं. रस्टी तेरा वर्षांचा होता, ऑरिनच्या आधीच्या संसारातला. माणसांच्या हिशोबात तोच म्हातारा, असं ऑरिनने ठरवलं. पहिली गोळी मागच्या पायाला लागली. रस्टी त्याच्याकडेच सरपटत आला, शेपटी हलवत. दुसरी लागायला वेळ लागला, कारण ऑरिन रडत होता.

गुरुवारी मिसेस प्रूइट अंडी घेऊन आल्या, तर अंगणातला तांबडा बर्फ अजून तसाच होता.

"माझ्याही नवऱ्याने कुत्रं मारलंय," त्या म्हणाल्या. "पण ते पिसाळलं होतं. आणि त्याचं पुस्तक नाही केलं त्याने."

मी हसले. त्या हसल्या नाहीत. "पोरी, ट्रक चालू ठेवलाय मी. बाळाला गुंडाळ आणि चल."

"थोडंच राहिलंय, मिसेस प्रूइट. आठ-दहाच कार्डं."

"आठ-दहा!" त्या म्हणाल्या. "आणि कुत्रं तर संपलं."

त्या गेल्यावर मला ते वाक्य उमगायला दोन दिवस लागले.

शनिवारी दुपारी ऑरिन लाकडं फोडत होता. मी चुलीपाशी होते आणि विनी रांगत होती. दहा महिन्यांची पोर, दिसेल त्याला धरून उभी राहायची. तिने शेल्फाचा कपडा ओढला आणि डबा खाली आला. झाकण घरंगळत गेलं. मी वळले तर तिच्या भोवती सात कार्डं, आणि एकाचा कोपरा तिच्या तोंडात.

मी ते हिसकावून घेतलं. वाचायचं नव्हतं, पण लाळ पुसताना वाचलं गेलं.

घरात वयाने सर्वांत लहान जे असेल ते उघड्या अंगाने बर्फात ठेवावं. दार लावून घ्यावं. शंभर वाक्यं लिहून होईपर्यंत उघडू नये.

तो दिवसाला फार तर चाळीस वाक्यं लिहायचा.

मी सातही कार्डं डब्यात परत ठेवली. झाकण दाबून बसवलं. विनी हात पुढे करून डबा मागत होती.

जेवताना मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "ऑरिन, समजा एखादं कार्ड नको वाटलं, तर काढून टाकता येईल?"

"मग ते पुस्तक नाही. लबाडी आहे."

"कुठलंही असलं तरी?"

त्याने विनीकडे बघितलं. ती उकडलेल्या गाजराने टेबल सारवत होती. त्याचे डोळे भरून आले. म्हणजे त्याला आठवत होतं. सप्टेंबरात, ती दुपटं लाथाडत शेजारी पडलेली असताना, ते वाक्य त्याने शुद्धीत लिहिलं होतं.

"मलाही भीती वाटते गं," तो म्हणाला. "म्हणून तर ते खरं आहे."

त्याने प्रेमाने माझा हात दाबला. तेव्हा मला कळलं की याच्याशी बोलून काही होणार नाही. प्रूइटांकडे चालत जावं तर गुडघाभर बर्फ आणि कडेवर पोर. गाडी घेऊन तो पाच मिनिटांत गाठणार. एक कार्ड पळवावं तर उद्या रविवार, मोजणार. सातातलं एक. उद्या निघेल किंवा पुढल्या शनिवारी.

पहाटे तो लाकडांच्या खोपटात गेला. बाहेर कुऱ्हाडीचे घाव सुरू झाले तसं मी टाइपरायटर पुढे ओढला. त्या वेळी मी रोजच टाइप करते, त्यामुळे आवाजाचं त्याला काही वाटणार नव्हतं. कोरी कार्डं खणात होती. सात घेतली. सातांवर एकच वाक्य. तो घाव घालायचा आणि थांबायचा, तेव्हा मीही थांबायचे. जुनी सहा चुलीत गेली. सातवं, ओला कोपरा असलेलं, मी ॲप्रनच्या खिशात ठेवलं. का ठेवलं माहीत नाही. पाच वर्षांत त्याच्या हातचं काही मी जाळलं नव्हतं, आणि त्या एका सकाळी सहा जाळून झाली होती.

लापशी झाली. त्याने बशी बाजूला सारली, डबा घेतला, डोळे मिटून बोटांनी मोजलं. "सात." मग वरचं सोडून मधलं एक काढलं.

वाचलं. पुन्हा वाचलं. माझ्याकडे बघितलं.

लेखकाने उजवा हात ओंडक्यावर ठेवावा आणि डाव्या हाताने त्यावर कुऱ्हाडीची पाठ घालावी.

"हे मी लिहिलेलं नाही."

विनी माझ्या कडेवर होती. तिच्या पायांत मोजे, बूट, सगळं चढवून तयार. त्याने तेही बघितलं.

"डब्यातून निघालं," मी म्हणाले.

मला वाटलं, आता उठेल आणि माझ्यावर येईल. चाकू माझ्यापासून किती लांब आहे ते मी बघून ठेवलं होतं. तो आला असता तर बरं झालं असतं, असं पुढे पुष्कळदा वाटलं. मग तो हसला. तिसऱ्या बाकावरून मी जे हसू बघायचे, तेच.

"वाक्य चांगलं आहे, लिनेट. एक शब्द जास्त नाही."

कोट खुंटीवर ठेवून तो शर्टावरच खोपटाकडे गेला. मी दारात उभी राहिले, विनीचं तोंड माझ्या खांद्यात दाबून. त्याने ओंडक्यावरचा बर्फ झटकला, हात पसरून ठेवला, बोटं नीट लांब केली. डाव्या हातात कुऱ्हाड नीट बसेना. पहिला घाव मनगटाजवळ तिरका बसला. तो ओरडला नाही, कण्हल्यासारखा फक्त श्वास सुटला. कार्डावर एकच घाव होता. त्याने हाताकडे बघितलं, अर्धवट झालंय असं ठरवलं आणि दुसरा घातला. बाळाच्या दुधाची बाटली फुटते तसा आवाज आला, पण ओला. बोटं चपटी झाली आणि एक उलटं वळलं.

मग मात्र तो ओरडला. "लिनेट! लिहून घे! आवाज कसा झाला ते लिहून घे!"

मी आत वळले, खुंटीवरच्या कोटातून किल्ली काढली. तो हात पोटाशी धरून, भिंतीला टेकत अंगणात आला तेव्हा गाडी सुरू झाली होती. त्याला वाटलं, मी त्याला दवाखान्यात न्यायला गाडी काढलीय. त्याने डाव्या हाताने दार उघडायचा प्रयत्न केला. मी आतून खटका लावला होता. काचेवर त्याचं रक्त लागलं, आणि विनी ते बोटाने पुसायला बघत होती, आतून.

"वही घेतलीस ना?" तो काचेतून विचारत होता.

मी गाडी हाणली. आरशात तो बर्फात बसलेला दिसला, मग वळण आलं.

मिसेस प्रूइटांनी मला बघितलं, काचेवरचं रक्त बघितलं, काही न विचारता दवाखान्याला फोन लावला आणि नवऱ्याला ट्रक काढायला सांगितलं. मग फोन माझ्या हातात दिला. पलीकडून बाई विचारत होती, काय झालं. "लाकडं फोडताना हाताला लागलं," मी म्हणाले. मि. प्रूइट एक घोंगडी आणि दारूची बाटली घेऊन निघाले.

"आणि खरं काय?" फोन ठेवल्यावर मिसेस प्रूइटांनी विचारलं.

मी खिशातलं कार्ड त्यांना दिलं. त्यांनी चष्मा लावून ते वाचलं, अगदी सावकाश, ओठ हलवत. विनी त्यांच्या जमिनीवर मांजरामागे रांगत होती. त्यांनी चुलीचं झाकण उचललं आणि कार्ड आत टाकलं.

"हे त्याने लिहिलं," त्या म्हणाल्या. "हाताचं कुणी लिहिलं?"

मी उजवा हात ॲप्रनच्या खिशात घातला.

त्यांनी झाकण परत बसवलं, हात पुसले. "बाळाने सकाळपासून काही खाल्लंय का?" त्या म्हणाल्या, आणि दूध तापत ठेवलं.