रामनगरचा हुरडा

"विळा ठेवा बाबा. आधी विळा खाली ठेवा, मग बोलू."

मृणालिनी दाराच्या चौकटीला दोन्ही हात लावून उभी होती. समोर तिचे वडील, गोपीनाथराव, वय वर्षं चौऱ्याऐंशी. डोक्यात कानटोपी, तिच्यावर मफलर, अंगात रेल्वेतला जुना काळा कोट आणि काखेत गमछ्यात गुंडाळलेला विळा.

"मी काय दरोडा घालायला निघालोय?"

"बाहेर कोहरा बघा किती आहे! घाटाच्या सगळ्या सीढ्या ओल्या आहेत. तुम्ही पडलात तर दोन-दोन पेशंट मी कशी सांभाळणार?"

"घाटानं जातोय कोण? नावा बंदच असतील. मैदागिनला रिक्षा धरीन आणि पुलावरून जाईन. अगदी बसल्या बसल्या."

"पण रामनगरला आत्ता आहे काय?"

या प्रश्नाचं गोपीनाथरावांना खरोखरच नवल वाटलं. "काय म्हणजे? हुरडा आहे!"

मृणालिनीनं आतल्या खोलीकडे पाहिलं. खिडकीजवळच्या पलंगावर तिची आई, कालिंदी, भिंतीकडे तोंड करून निजली होती. गेले तीन दिवस तिनं घास म्हणून घेतला नव्हता. बोलायची, हसायचीसुद्धा, पण चमचा तोंडाजवळ आला की ओठ घट्ट मिटायची. पेज झाली, खिचडी झाली, साबुदाण्याची खीर झाली. डॉक्टर काल स्पष्टच बोलून गेले होते. सोमवारपर्यंत पोटात काही गेलं नाही, तर नाकातून नळी घालावी लागेल. आज शनिवार होता.

त्या नळीनं गोपीनाथरावांची झोप उडवली होती. लहानपणी आजारी बैलाला बांबूच्या नळकांड्यातून औषध पाजायचे. दोघं शिंगं धरायचे, एक जण मान वर करायचा, आणि गोप्यानं शेपटीजवळ उभं राहायचं. त्या बैलाचे डोळे त्यांना सत्तर-पंच्याहत्तर वर्षांनी परवा आठवले होते. आपल्या बायकोचं असं होऊ द्यायचं नाही, एवढं त्यांनी मनाशी ठरवलं होतं.

"हुरडा ती खाईल," ते म्हणाले. "दुसरं काही नाही खाल्लं तरी हुरडा खाईल. बघच तू."

"बाबा, आपण तिला दुसरं काहीतरी..." मृणालिनी बोलता बोलता थांबली. मग तिनं चौकटीवरचे हात काढले. "फोन घेऊन जा. आणि चष्मा."

आता काशीत आणि हुरडा, हे काय प्रकरण आहे, ते सांगायला हवं.

गोपीनाथराव करमाळ्याकडचे. घरची कोरडवाहू जमीन, चार भाऊ, आणि दसऱ्याच्या सुमारास पेरलेला शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी. पौषात त्याची कणसं दुधात आली की बांधावर आगटी पेटायची, आणि जो वाटेनं जाईल त्याला हाक मारून खायला बसवायचं. बाविसाव्या वर्षी रेल्वेची नोकरी लागली आणि हा गडी बनारसला आला. इथं मंगला गौरीच्या गल्लीत खोली घेतली, आणि पुढं त्याच गल्लीतल्या पुरोहितांच्या मुलीशी लग्न केलं. कालिंदीचं घराणं आठ पिढ्या काशीत. घरात मराठी, बाहेर हिंदी, ताटात भात. ज्वारी तिनं जन्मात पाहिली नव्हती. लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत नवऱ्यानं हुरड्याचं एवढं वर्णन केलं की ती बिचारी म्हणाली, "मलापण खायचाय."

झालं! एवढंच पुरलं.

रामनगरला भाजीवाल्या मौर्यांच्या शेतात गोपीनाथरावांनी चार वाफे मागून घेतले आणि बापाच्या शिरस्त्यानं दसऱ्याला शाळू पेरला. पीक डोक्यावर गेलं. कालिंदीला नावेत बसवून दाखवायलासुद्धा नेलं. पण इथला जाडा म्हणजे काय करमाळ्याची थंडी आहे? ऐन फुलोऱ्यात पंधरा दिवस धुकं बसलं आणि कणसं निघाली सगळी पोचट. एक दाणा नाही! म्हातारा मौर्य हसून हसून बांधावर बसला होता. जाड्यात ज्वार कोण पेरतं, म्हणाला. ऑफिसात तेव्हापासून नाव पडलं, ज्वार-बाबू.

पुढच्या वर्षी त्यांनी पितृपक्षातच पेरणी उरकली आणि हुरडा झाला. तेव्हापासून आजतागायत एक साल चुकलं नाही. दाणे भरू लागले की पोपटांच्या झुंडी यायच्या, म्हणून हे पहाटेच नावेनं पलीकडे जायचे, गोफण चालवायचे आणि परत येऊन ड्यूटी गाठायचे. बढतीवर गोरखपूरला जायची ऑर्डर दोनदा आली, दोनदा नाकारली. कारण काय, तर कालिंदीच्या आईला घाट सोडवत नाही. मृणालिनीच्या शाळेच्या वेण्या हेच घालायचे, कासऱ्याला पीळ भरावा तशा. पोरीचे डोळे ताणले जायचे, पण संध्याकाळपर्यंत एक केस सुटायचा नाही. माणूस असा. एकदा धरलं की सोडायचं नाही.

आज ते रामनगरला पोचले तेव्हा म्हाताऱ्या मौर्याचा मुलगा शिवराम कोबी काढत होता. शिवराम आता स्वतः साठीचा. गोपीनाथरावांचे गुडघे गेल्यापासून ते चार वाफे तोच पेरायचा.

"अरे बाबूजी! इतनी ठंड में काहे निकले? फोन कर देते, हम भूनकर पहुँचा देते."

"तुम भूनोगे तो जला दोगे."

"पचास साल से देख रहे हैं, अब भी भरोसा नहीं?"

"तेरे बाप पर भी नहीं था."

शिवराम हसला, मग जवळ येऊन त्यानं हळू आवाजात विचारलं, "माताजी कैसी हैं?"

"खाती नहीं है." एवढंच बोलून गोपीनाथराव कणसं बघायला वळले.

पोपटांनी अर्धी खाऊन टाकली होती. उरलेल्यांतली पंधरा-वीस कणसं त्यांनी नखानं दाणा दाबून दाबून निवडली. शिवरामनं खड्ड्यात गोवऱ्या पेटवल्या. कणसं खरपूस झाली, तसं एकेक कणीस तळहातावर घेऊन ते चोळू लागले. हात आता पूर्वीसारखे निबर राहिले नव्हते. चटके बसत होते, आणि शिवराम "हम करते हैं, हम करते हैं" म्हणत होता, पण ऐकतील तर गोपीनाथराव कसले! फुंकर मारून कोंडा उडवला, हिरवे दाणे फडक्यात बांधले आणि पुरचुंडी कोटाच्या आत, छातीशी धरली. हुरडा गार झाला की संपला.

घरी आले तो दुपार टळली होती. कालिंदी उशीला टेकून बसली होती. गेल्या दिवाळीपासून ती नवऱ्याला कधी ओळखायची, कधी नाही. नाही ओळखलं की त्यांना वासुदेवकाका म्हणायची. वासुदेवकाका म्हणजे तिच्या माहेरी खालच्या मजल्यावर राहणारे गृहस्थ. त्यांना जाऊन चाळीस वर्षं झाली होती.

"अगं, बघ काय आणलंय!" गोपीनाथरावांनी तळहातावर चार दाणे घेतले, वर गुळाचा खडा कुस्करला. "कोवळा लुसलुशीत आहे. एकच दाणा घे. माझ्यासाठी."

कालिंदीनं त्या तळहाताकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"नको हो वासुदेवकाका. मला हुरडा नाही आवडत."

गोपीनाथराव हसले. "तुला आवडत नाही? तुला?"

"बाबा, राहू दे ना," दारातून मृणालिनी घाईघाईनं म्हणाली.

"कधीच नाही आवडला," कालिंदी शांतपणे सांगत होती. "घशात खरखरतो. आणि रात्रभर पोट दुखतं."

"मग... मग खात का होतीस?"

वेड्यासारखं काहीतरी विचारल्यावर माणसाकडे बघावं तसं तिनं त्यांच्याकडे पाहिलं. "अहो, आमचे हे नदीपल्याडून आणायचे तो. कोटात धरून, निवू नये म्हणून. हाताला हे एवढाले फोड! आणि मी खाताना समोर बसून बघत राहायचे. असं माणूस समोर बसल्यावर नको कसं म्हणायचं, तुम्हीच सांगा."

गोपीनाथरावांनी दाणे फडक्यात परत ठेवले, गाठ मारली.

"मृणाल, तुला माहीत होतं?"

"होतं. आईनं कसम घातली होती."

त्यांना आधी लाज वाटली. पंचावन्न थंड्या आपण या बाईचं पोट दुखवलं! मग रडू येईलसं वाटलं, आणि मधेच हसूही आलं. कारण ती किती गोड तोंड करून खायची, ते त्यांना लख्ख आठवत होतं. एवढं प्रेम आपल्यावर कुणी केलं आणि आपल्याला पत्ताही नाही!

मग पलंगाच्या कडेला बसून त्यांनी विचारलं, "मग तुला काय आवडतं?"

"मलइयो," कालिंदी पटकन म्हणाली. "केशर घातलेला. लहानपणी वडील रोज आणायचे. पण हे नाही आणत. हे म्हणतात, फेस खाऊन कुणाचं पोट भरतं?"

म्हणाले होते. लग्नानंतरच्या पहिल्याच थंडीत, गल्लीच्या तोंडाशी, दुधाच्या फेसाची ती पिवळी रास बघून शेतकऱ्याच्या तोऱ्यात म्हणाले होते. ते दुकान घरापासून शंभर पावलांवर. नोकरीवर जाताना, भाजी आणताना, मुलीला शाळेत सोडताना ते त्याच्यावरून गेले होते, आणि एकदाही थांबले नव्हते.

मलइयो सकाळीच संपतो. उद्यापर्यंत थांबणं भाग होतं.

पुरचुंडी घेऊन ते गच्चीवर गेले. कठड्यावर फडकं उलगडलं आणि सगळा हुरडा पसरून ठेवला. थोड्या वेळानं शेजारच्या पिंपळावरून पोपट उतरले. गोपीनाथरावांनी आयुष्यभर यांच्यावर गोफण चालवली होती. आता ते खुर्चीत बसून त्यांचं खाणं बघत राहिले.

रविवारी उजाडताच ते दुकानापुढे हजर. दुकानदारानं डोळे मोठे केले.

"बाबूजी, आप? रास्ता भूल गए का?"

"एक कुल्हड दे. भरके दे."

मातीचा कुल्हड हातात आला आणि सवयीनं त्यांनी तो कोटाच्या आत, छातीशी धरला. दोन पावलं गेले आणि एकदम थांबले. ही गार ठेवायची वस्तू! त्यांनी तो बाहेर काढला आणि बोटं बधिर होईतो धुक्यात उघडा धरून घरी आणला.

मृणालिनीनं आईला उठवून बसवलं. गोपीनाथरावांनी चमचा भरला. चमचा ओठांपाशी गेला, आणि ओठ उघडले.

एक चमचा. दुसरा. तिसऱ्याला तिनं स्वतःच मान पुढे केली. मृणालिनी पदर तोंडाला लावून खिडकीकडे वळली.

कुल्हड संपत आला तसं कालिंदीनं त्यांच्या मनगटावर हात ठेवला. मग दाराकडे एकदा बघून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"वासुदेवकाका, आमच्या ह्यांना नका सांगू हं. त्यांना वाईट वाटेल. अजून रामनगरला जातात ते माझ्यासाठी."

"नाही सांगत," गोपीनाथराव म्हणाले, आणि तळाशी राहिलेलं खरवडून त्यांनी शेवटचा चमचा भरला.