खोर म्हणजे खाडी नव्हे

मी तेल अडवणारा बूम बोलतोय. ऐकायचं तर ऐका, नाहीतर चालू लागा. माझ्या अंगाला डांबरासारखा वास येतो, सगळ्यांना सोसत नाही.

वर केशरी फुगे, खाली जाड कापडाची झालर, झालरीच्या कडेला लोखंडी साखळी, असा माझा देह. समुद्रात तेल सांडलं की मला आडवा पसरतात. तेल वर तरंगतं, मी ते अडवून धरतो, मग पंपवाले ओढून घेतात. सोपं काम आहे. पण सोप्याचं अवघड करायला माणूस बसलेलाच आहे.

जन्म थंड मुलखातला. तिथं डोंगराच्या फटीत समुद्राचा एक अरुंद फाटा लांबवर शिरलेला होता, त्याच्या काठी माझा कारखाना. उन्हाळ्यात बर्फ वितळलं की गोडं, हलकं पाणी वरून बाहेर धावायचं आणि खारं, जड पाणी खालून आत यायचं. मला पहिल्यांदा पसरून बघितलं ते त्या पाण्यात. मग सत्तरच्या दशकाच्या शेवटाला मला गुंडाळून जहाजात कोंबलं आणि कतारला आणून टाकलं.

इथंही समुद्राची एक चिंचोळी जीभ वाळवंटात शिरली होती. तिला खोर म्हणतात. खोराच्या आतल्या टोकाला खारं पाणी गोडं करणारा कारखाना. आसपासची वस्ती आणि आमच्या टोळीचा कॅम्प त्याच पाण्यावर जगायचा. विहीर नाही, ओढा नाही. त्याच्या समुद्रातून पाणी ओढणाऱ्या नळात तेल शिरलं असतं तर कारखाना बंद आणि सगळ्यांची नरडी कोरडी.

माझा मुकादम मुनाफ, दाभोळकडचा. "खोर म्हंजे आपली खाडीच," असं पहिल्याच दिवशी म्हणाला आणि तेच धरून बसला. माझ्या झालरीला तो परकर म्हणायचा. "परकर सांभाळा रे!" म्हणून ओरडला की टोळी खिदळायची. मला कधी हसू आलं नाही.

खाडीच्या डोक्याशी नदी असते. खोराच्या डोक्याशी नुसती वाळू. वरून ऊन पाणी पिऊन टाकायचं, उरलेलं जास्त खारट, जास्त जड व्हायचं. हिवाळ्यात उत्तरेकडचा गार शमाल वारा सुटला की ते गारठून आणखी जड व्हायचं, बुडाशी बसायचं आणि खालून बाहेर सरकायचं. त्याची जागा भरायला वरून समुद्र आत. माझ्या जन्मगावाच्या नेमकं उलट! माझे फुगे आत ओढले जायचे आणि नांगराचे दोर बाहेर. अंगाला कळत होतं. पण बूमला तोंड कुठं असतं?

त्र्याऐंशी साली, हिवाळा सरताना, उत्तरेकडच्या लढाईत समुद्रातल्या तेलविहिरी फुटल्या. एका सकाळी बोटवाला मजीद ओरडतच आला, "मुनाफभाई, आ गया! काला पट्टा, एकदम पास!"

मला खोराच्या तोंडावर ताणलेलंच होतं. पण मधे बोटींसाठी फाटक होतं, माझी दोन टोकं आकड्यानं जोडायची. पंपाची बोट बाहेर अडकलेली, तिच्यासाठी ते उघडं ठेवलेलं.

धोंडीराम म्हणून माणदेशातला क्रेनवाला होता. मजीदच्या बोटीतून तिघं फाटकाशी आले, तेव्हा तो म्हणाला, "लावून टाकू फाटक. बोट ऱ्हाऊ दे भायेर."

मुनाफनं दोराला दगड बांधून तळाशी सोडला. दोर बाहेरच्या अंगाला तिरपा झाला.

"बघ! खालचं जड पाणी बाहेर चाललंय, मग वरचं तर धावतच असणार. तेल काय चढ चढून येतंय?"

"मला काय कळतंय? आमच्यात प्यायला पाणी न्हाय, दर्या कुठला बघणार!" असं म्हणत धोंडीरामनं तंबाखूची पिंक टाकली. पिंक जरा थांबली आणि फाटकातून आत निघाली.

"मुनाफभाई, माझी पिंक आत चालली."

"पिंकेवरनं दर्या कळत नाय, धोंड्या. मी खाडीत वाढलोय."

"तुम्ही वाढला. पिंक न्हाय वाढली तितं."

मजीद फिसकन हसला. मुनाफनं चिडून पायातली रबरी चप्पल काढली आणि पाण्यावर आपटली. चप्पल गिरकी घेऊन आत निघाली, माहेरी निघाल्यासारखी.

मुनाफनं दगडाचा दोर हातातून टाकला. तेवढ्यात तेलाची काळी कड फाटकाला लागली.

"या अल्ला! लावा, लावा फाटक! यल्ला, चला!" मुनाफ ओरडला.

तेलानं आकडा बुळबुळीत झालेला, बसेना. धोंडीरामला पोहता येत नव्हतं. तो बोटीच्या काठावर पालथा पडला आणि माझं एक टोक त्यानं कवटाळलं. मजीदनं मागून त्याचे पाय धरले. मुनाफ उडी टाकून दुसरं टोक ओढत आला, गळ्यापर्यंत तेलात. माझी झालर टर्रकन फाटली. तोंड असतं तर मी ओरडलो असतो, पण सुटलो नाही.

आकडा बसला.

एक काळा पट्टा तरीही आत गेलाच. तो त्यांनी नळाच्या तोंडाशी गाठला आणि पिंपं, बादल्या, गोणपाट, मिळेल त्यानं उपसला. कारखाना चालू राहिला. दुपारी मुनाफनं कॅम्पातल्या नळाला ओंजळ लावली, वास घेतला, प्याला आणि वाळूत बसला.

"कसं हाय?" धोंडीरामनं विचारलं.

"पाण्यासारखं," मुनाफ म्हणाला आणि रडायला लागला.

पुढं मला ठिगळं लावून आणखी काही वर्षं वापरलं. आता इंडस्ट्रियल एरियातल्या एका गोदामामागं उन्हात पडलोय. फुगे चिरलेत, साखळी गंजलीय. मुनाफ, धोंडीराम गावी गेले. मला तोडून विका, जाळा, माझी तक्रार नाही.

पण काल शेजारी एक नवा बूम आणून ठेवलाय. कोरा करकरीत. तोही थंड मुलखातला, आणि त्याच्या टोळीतला एक कोकणचा पोरगा त्याच्यावर बसून भाकरी खाताना म्हणत होता, "खोर म्हंजे खाडीच की!"

अरे, कोणीतरी सांगा रे त्याला.