धूलकोटला ओलीस राहिलेली रॉयल

मी रॉयल बोलतेय. विजेवर चालणारी, उंच, ऐसपैस, डोक्यावर काचेचं छत असलेली गाडी. माझ्या पोटात इंजिन नाही, म्हणून घरघर नाही आणि धूरही नाही. तरी बुऱ्हाणपूरची माणसं अजून माझ्या बोनेटवर तळहात ठेवून गरम झालंय का ते बघतात, टायरला लाथ मारतात आणि लिटरमागे किती पळते ते विचारतात. विचारून झालं की दार उघडून फोटो काढतात आणि घरी जातात. अशांसाठी मला रोज सकाळी पुसलं जातं.

आम्ही तिघी बहिणी. धाकटी स्टार्ट, मधली प्राइम आणि थोरली मी. एकाच साच्यातून निघालो, पत्रा एक, बॅटरी एक. सीट गार करणारा पंखासुद्धा तिघींच्या पोटात बसवलेला आहे. स्टार्टच्या पंख्याला मात्र कंपनीनं कुलूप घातलंय, म्हणजे पंखा असूनही तिच्यात बसणाऱ्यानं घाम पुसत राहायचं. हे कुणी सुचवलं असेल त्याला नक्की बढती मिळाली असणार.

पुढची हुशारी तर याहून वरची. जाहीर करायची ती धाकटीची किंमत आणि विकायला काढायचं थोरलीला. ज्याला घाई आहे त्याचा खिसा आधी रिकामा करायचा, मग मधलीला आणायचं, आणि सगळ्यांची हौस फिटली की शेवटी स्टार्टला दार उघडायचं. याला ती मंडळी टप्पे म्हणतात. मला बांधत असताना दोन साहेब माझ्या शेजारी उभे राहून हे बोलत होते, आणि बोलताना त्यांना जरासुद्धा लाज वाटत नव्हती. मलाही तेव्हा वाटली नाही. मी थोरली होते ना.

बुऱ्हाणपुरात आमचा भलामोठा फलक लागला: 'बारा लाखांपासून'. त्या आकड्याच्या डोक्यावर एक चिमुकली चांदणी होती. चांदणीचा अर्थ फलकाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेला होता आणि फलक लावला होता तिसऱ्या मजल्याच्या उंचीवर. वाचायचं असेल तर शिडी आणावी लागली असती. फलकावर चित्र माझं होतं आणि माझी किंमत वीस लाख.

शोरूमचे मालक भूपेंद्रशेठ. माणूस गोड बोलणारा, येणाऱ्याच्या चपला बघून चहा की पाणी ते ठरवणारा. त्यांच्याकडे ज्योत्स्ना नावाची मुलगी गाड्या विकायला होती. नेपानगरच्या कागद कारखान्यात तिचे वडील नोकरीला होते, घरात मराठी, बाहेर हिंदी, आणि खेड्यातली बोली तिला आपसूक येई. शेठनी नेमकं हेच हेरलं. गावोगाव जा, म्हणाले, स्टार्टचं बुकिंग घे, दसऱ्याला गाडी दारात येईल असं सांग. ज्योत्स्नानं त्यांना विचारलं होतं, खरंच येईल का? शेठ म्हणाले, कंपनीनं शब्द दिलाय. ती मुलगी भोळी. कंपनीला शब्द असतो असं तिला वाटलं.

धूलकोटला केळी आणि कापूस पिकवणारं एक कुटुंब आहे. घर चालवतात धुरपदाबाई. मुलगा नीलेश शेती बघतो आणि उरलेला वेळ मोबाइल बघतो. बाईंनी फलक पाहिला होता. त्यांना स्टार्टच हवी होती. केळीच्या बाजारात जो भाव बोलला जातो त्या भावानं माल द्यायचा, ही त्यांची आयुष्यभराची सवय. फलकावर एक आणि हातात एक, हा प्रकार त्यांना ठाऊकच नव्हता. ज्योत्स्ना बुकिंग घ्यायला गेली तेव्हा बाईंनी तिला पाटावर बसवून सुपारी फोडली. त्यांच्याकडे सोयरीक ठरली की अशी सुपारी फुटते. आता गाडी ठरली, तारीख ठरली, मग आमंत्रणं नकोत का? सासर-माहेरच्या सगळ्या पाहुण्यांना दसऱ्याचं जेवण सांगून झालं. गाडी बुक केली की ती येतेच असं नाही, एवढी साधी गोष्ट त्या घरात कुणाच्या डोक्यात आली नाही. कशी येणार? ठरलेली सून लग्नाच्या दिवशी येते, हेच त्यांनी पाहिलेलं.

दसरा तोंडावर आला आणि कंपनीचा निरोप आला. स्टार्ट पुढच्या टप्प्यात. कुठला पुढचा, ते कुणी सांगेना.  धूलकोटच कशाला, आसपासच्या कितीतरी घरांत ज्योत्स्नानं शब्द दिला होता. बाप ज्या भागात मान राखून राहिला, त्याच भागात मुलगी खोटारडी ठरणार होती.

भूपेंद्रशेठना मात्र यात संधी दिसली. मला, म्हणजे शोरूममधल्या दाखवायच्या गाडीला, हार घालून धूलकोटला न्यायचं. पूजा होऊ द्यायची, फोटो काढायचा, कागद बाकी आहेत म्हणून संध्याकाळी परत आणायचं. मग ती माणसं स्टार्टची वाट कशाला बघतील? वरचे आठ लाख देऊन मलाच मागतील.

"एक बार बैठ गई ना बुढिया इसमें, मॅडम, तर स्टार्टचं नावपण नाही काढणार," शेठ म्हणाले. "तुम्हाला फक्त एवढंच बोलायचंय की हीच गाडी आहे."

ज्योत्स्नानं आधी नाही म्हटलं. शेठनी तिला दार दाखवलं, तशी ती माझी चावी घेऊन निघाली. खोटं कशाला सांगू, मी खुशीत होते. या खेडवळ बाईचे डोळे मी कसे दिपवते ते बघाच, असं माझ्या मनात होतं. वाटेत ज्योत्स्ना पुन्हा पुन्हा तळवे ओढणीला पुसत होती.

धूलकोटला दारात मांडव, वाजंत्री, पाहुण्यांची ही गर्दी. सुवासिनींनी मला ओवाळलं, बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. पुरुष मंडळी काचेच्या छताला हात लावून बघत होती. जिथं मे महिन्यात कावळासुद्धा उन्हात बसत नाही, त्या मुलखात डोक्यावर काच घेऊन फिरायला ही माणसं आठ लाख जास्त मोजतील असं कंपनीला वाटतं, आणि बघा, सगळ्यांच्या नजरा तिथंच चिकटलेल्या. नीलेशचं तर तोंड मिटेना. तिकडे शेठनी फोटो काढून तिथूनच सगळीकडे पाठवूनही दिला: धूलकोटच्या धुरपदाबाई, नव्या गाडीच्या पहिल्या मानकरी, बारा लाखांपासून. एवढी घाई.

बाईंना मात्र काहीतरी खटकलं होतं. फलकावरचा भाव आणि समोरचा थाट यांचा मेळ बसत नव्हता. त्यांनी मला एक फेरी मारली आणि ज्योत्स्नासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"पोरी, हे आमचीच ना? बोर्डावर लिहेल हाये, थेच?"

शेठ मागून डोळ्यांनी खुणावत होते. एक हो म्हटलं असतं की नोकरी शाबूत होती, आणि वेळही निभावून गेली असती.  मी वाट बघत होते की ज्योत्स्ना आता हो म्हणेल, माणसं म्हणतातच.

"नाही मावशी," ती म्हणाली. "ही दाखवायची गाडी आहे. तुमची अजून आलेली नाही, कधी येईल ते मलाही माहीत नाही. मला खोटं बोलायला पाठवलंय."

वाजंत्री थांबली. नीलेशनं मान खाली घातली, कारण गावभर त्यानंच मिरवलं होतं. शेठ पुढे झाले आणि हसत हसत सांगू लागले की मॅडम नव्या आहेत, त्यांना नीट माहिती नाही, गाडी हीच घ्या, थोडाच फरक भरायचा. धुरपदाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ज्योत्स्नाच्या हातातली चावी घेतली आणि कमरेला खोचली.

"दसऱ्याच्या दिवशी पूजा केली म्या हिची. पूजेल लक्ष्मी दारातून रिकामी काढून देऊ का? माही गाडी आन, अन् हिले घेऊन जाय. पन आनशील त तूच आन. दुसरा कोनी आला त चावी भेटनार नाही."

झालं. मी ओलीस राहिले.

शेठनी आधी विनवण्या केल्या, मग पोलिसांचं नाव घेतलं. पण पोलिसांना सांगणार काय? मानकरी म्हणून बाईंचा फोटो त्यांनी स्वतःच गावोगाव पाठवलेला. ज्योत्स्नाला काढून टाकावं तर चावी मिळायची नाही. तेव्हा तिला ठेवून घ्यावं लागलं. तिच्याशी कुणी धड बोलत नसे, पण ठेवावं लागलं.

आता माझं ऐका. मला कापसाच्या खोलीशेजारी पत्र्याच्या शेडमध्ये लावलं. कोंबड्या माझ्या बोनेटवर बसत, शेळ्या आरशात बघून स्वतःशीच शिंगं भिडवत. वाऱ्यानं उडालेला कापूस माझ्या जाळीत अडकून मला दाढी फुटली. मी म्हटलं, ठीक आहे, किती दिवस? एक ना एक दिवस ही बाई माझं दार उघडेल. एकदा माझ्या सीटवर बसेल, गार वारा अंगाला लागेल आणि नाक घासत आठ लाख घेऊन येईल. शहाण्यांनी तसं ठरवलंच होतं.

ती आली नाही. नीलेश यायचा, दुपारी, आई झोपली की. तिच्या उशाची चावी हळूच आणायचा, सीट गार करायचा, छत उघडायचा-मिटायचा, मोबाइलवर स्वतःचा फोटो काढायचा. एकदा त्याला आईची हाक आली आणि घाईत आतला दिवा तसाच राहिला. मोठी बॅटरी भरलेली असूनही दिव्याबत्तीची छोटी बॅटरी बसली आणि मी दगड झाले. नीलेशनं आईला काही सांगितलं नाही. चावी मुकाट्यानं जागेवर ठेवली.

धुरपदाबाई रोज माझ्यासमोरून जात. पाहुणे म्हणत, बसून तर बघा. बाई म्हणत, आपली नाही त्यात काय बसायचं. बसस्टँडला जायचं तर त्या सरकारी बसनं जात आणि दारात वीस लाखांची मी उभी. असा पाणउतारा माझा कुणी केला नव्हता.

तिकडे तो फोटो फिरत राहिला. नेपानगरहून, खकनारहून माणसं शोरूममध्ये येऊन तो फोटो दाखवू लागली आणि म्हणू लागली, हीच द्या, याच भावात, बारा लाखांत. पुढे दुसऱ्या शहरांतल्या शोरूममध्येही तेच सुरू झालं. मग मात्र कंपनीचे टप्पे भराभर पुढे सरकले. ग्राहकांच्या प्रेमाखातर स्टार्ट लवकर आणत आहोत, अशी जाहिरात आली. प्रेमाखातर! मी शेडमध्ये पडल्या पडल्या हसले असते, पण माझ्यात वीज कुठे होती?

संक्रांतीच्या सुमारास एका सकाळी ज्योत्स्ना आली. स्वतः स्टार्ट चालवत आली. मागून दुसऱ्या गाडीत शेठ. धाकटीला मी प्रथमच उन्हात बघितलं. डोक्यावर साधा पत्रा, चाकांना साध्या टोप्या, आत साधं कापड. तिला माझ्या शेजारी उभी केली आणि मला बरं वाटलं. दोघी शेजारी शेजारी, हेच तर कंपनीला हवं असतं. आता फरक दिसेल.

शेठनी शेवटचा डाव टाकला. माझ्यावरची धूळ रुमालानं झटकत ते म्हणाले, दोन्हींत बसून बघा माँजी, मग ठरवा, मी तुम्हाला खास भाव देतो. नीलेश आशेनं आईकडे बघू लागला.  ज्योत्स्नाचा चेहरा पार उतरला होता. इतके दिवस झाले, बाई काय म्हणतील कोण जाणे.

धुरपदाबाईंनी ना माझ्याकडे पाहिलं, ना स्टार्टकडे. त्यांनी ज्योत्स्नाचा हात धरला.

"हे थेच ना?"

"हो मावशी. तीच."

"तू म्हनते ना? मंग झालं."

चावी त्यांनी कमरेची सोडून ज्योत्स्नाच्या हातावर ठेवली, स्टार्टचं दार उघडलं आणि तिला म्हणाल्या, चालव, गावातून एक फेरी मारून आण. ज्योत्स्ना आधी रडली, मग चाकामागे बसली. शेजारी बाई ताठ बसल्या, काच खाली करून, भेटेल त्याला हात करत. गाडीचं घाम पुसायला लावणारं सीट त्यांच्या लक्षातही आलं नसावं.

मी काही हलेना. शेवटी मला बांधावरून ढकलून केळीच्या ट्रकमध्ये चढवलं आणि रंगाला ओरखडा नको म्हणून चारी बाजूंनी केळीची पानं दाबली. रॉयल म्हणे! बुऱ्हाणपूरच्या वेशीत शिरलो तेव्हा केळीचे व्यापारी भाव विचारत होते.

आता पुन्हा शोरूममध्ये आहे. ज्योत्स्ना आहे, शेठही आहेत, पण गावची माणसं फलक वाचत नाहीत. ज्योत्स्नाबाई काय म्हणतात ते विचारतात. मला कुणी विचारत नाही. तुमच्यापैकी कुणी मला घ्यायला आलात तर जरूर या. पण मलाच घ्यायला या. दुसरी मागायला आलेल्याच्या गळ्यात मला बांधू देऊ नका, एवढं हात जोडून सांगते.

मी पहिल्या दिवसापासून तयार उभी आहे, म्हणाल तेव्हा मिळते. त्या म्हातारीनं साध्या पत्र्याच्या स्टार्टसाठी दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत दम धरला. माझ्यासाठी अजून कुणी एक दिवसही थांबलेलं नाही.