पुढे एक, मागे चार

मी बोलतोय तो टेंपोच्या पोटाखालून. वाकून बघा. मागच्या दोन चाकांच्या मधोमध कलिंगडाएवढा काळा, तेलकट लोखंडी गोळा दिसतो ना, तो मी. माझं नाव डिफरन्शियल. एवढं नाव तोंडात मावत नाही, म्हणून लोक मला नुसतं 'डिफ' म्हणतात, आणि मी बिघडलो की जे म्हणतात ते इथे सांगण्यासारखं नाही.

माझं काम दोन सुनांच्या सासूचं. इंजिनाची फिरकी एका लांब दांड्यातून माझ्यापर्यंत येते. दांड्याच्या टोकाचं छोटं दातेरी चाक माझ्यातल्या मोठ्या दातेरी चाकाला फिरवतं. या मोठ्याला क्राउन म्हणतात. मग ती फिरकी मी दोन्ही चाकांना वाटून देतो. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त धावावं लागतं, आतल्याला कमी. तिला जास्त का आणि मला कमी का, अशी कुरबुर व्हायच्या आत मी वाटणी करून मोकळा होतो. एवढं करून कौतुक कुणाचं? इंजिनाचं!

माझ्या जन्माची एक खोड आहे. ज्या वर्षी मी कारखान्यातून बाहेर पडलो, त्या वर्षीच्या गाडीचा गिअरबॉक्सच निराळा होता. त्याचा दांडा उलटा फिरायचा. क्राउनची बाजू बदलली की चाकांची दिशाही उलटते, म्हणून आमच्या पिढीत तो उजवीकडे बसवला. पुढच्या वर्षी साहेब लोकांची मती बदलली आणि सगळ्या गाड्यांचा क्राउन पुन्हा डावीकडे गेला. आमच्यासारखे उजवे मोजकेच उरले. पुढचं सगळं रामायण त्यामुळेच घडलं.

पहिला मालक काचा पोचवणारा होता. तो खड्डा दिसला की आधी खाली उतरून त्याची चौकशी करायचा. मग मी आलो लाँड्रीवाल्या मावशींकडे. हॉटेलांच्या चादरींचे गठ्ठे छपरापर्यंत रचायचे आणि उशीर झाला म्हणून टेंपो दामटायचा, हा त्यांचा रोजचा शिरस्ता. गाडीला तेल लागतं हे त्यांना ठाऊक होतं, पण ते इंजिनाला. माझंही तेल बदलावं लागतं हे त्यांना कुणी सांगितलं नाही आणि त्यांनी कुणाला विचारलं नाही. चार वर्षांनी मी कण्हायला लागलो. मावशींनी रेडिओचा आवाज वाढवला.

शेवटी एका चढावर माझ्या बेअरिंगांनी राम म्हटला आणि मावशींनी मला वस्तादांच्या गॅरेजमध्ये ओढून आणलं.

वस्ताद म्हणजे तीस वर्षं मुरलेला माणूस. नुसत्या आवाजावरून गाडीचं दुखणं ओळखणारा. आता डोळे थोडे अधू झाले होते, पण ते कबूल करायला जीभ तयार नव्हती, म्हणून चष्मा खिशातच राहायचा. त्यांच्या हाताखाली त्यांची धाकटी मुलगी. सगळे तिला धाकटीच म्हणत. वस्तादांचा एक नेम होता: काम कुणीही करो, शेवटचा बोल्ट ते स्वतः आवळणार. शेवटचा बोल्ट ज्याचा, जबाबदारी त्याची. धाकटीला सहा वर्षांत तो बोल्ट मिळाला नव्हता.

मला टेंपोखालून बघून वस्ताद म्हणाले, "हे काम पूर्ण तुझं. जमलं तर गॅरेज तू चालव. नाही जमलं तर शेजारचा टायरवाला जागा मागतोच आहे. मला आता होत नाही."

"जमेल," धाकटी म्हणाली. आणि पाना घेऊन टेंपोखाली शिरली.

तीन दिवस तिने माझी सेवा केली. सांगायला लाज वाटते, पण इतक्या मायेने मला आजवर कुणी उघडलं नव्हतं. प्रत्येक तुकडा धुतला, पुसला, कापडावर ओळीने मांडला. उघडण्याआधी मोबाइलवर माझे फोटो काढले. नव्या बेअरिंगा बसवल्या, क्राउनच्या दातांना निळा रंग लावून दात नेमके कुठे टेकतात ते तपासलं, नाही पटलं तर पुन्हा खोललं. तिसऱ्या दिवशी दुपारी मी जसा हवा तसा बसलो. क्राउन उजवीकडे, माझ्या जन्माच्या जागी. फक्त झाकण लावायचं राहिलं. धाकटी हात धुऊन मागच्या खोलीत जेवायला गेली.

आणि वस्ताद आले. हातातली बॅटरी लावून, डोळे बारीक करून त्यांनी माझ्यात पाहिलं. "अरेरे," ते पुटपुटले. "पोरीने क्राउन उलट्या बाजूला बसवला."

मी ओरडलो असतो हो! पण झाकण नसलेल्या तोंडालाही वाचा नसते. वस्तादांनी एकदा मागच्या खोलीकडे पाहिलं. बोंब मारली असती तर तिचा धीर खचला असता, हे त्यांना कळत होतं. पहिलंच मोठं काम. म्हणून बापाने पोरीची चूक गुपचूप झाकायची ठरवली. हात अजून असा चलाख की तिचं ताट संपायच्या आत त्यांनी मला खोललं, क्राउन डावीकडे फिरवला, पुन्हा बसवलं, झाकण लावलं आणि शेवटचा बोल्टही आवळला. वर स्वतःशीच हसले. चांगुलपणा करताना माणूस चष्मा का लावत नाही, हे मला आजवर उमगलेलं नाही.

धाकटी आली. झाकण लागलेलं दिसलं, पण शेवटचा बोल्ट बापाचा हे तिला सवयीचंच होतं. तिने दोन्ही बाजूंचे एक्सल, म्हणजे चाकांना फिरवणारे दांडे, आत सरकवले, तेल भरलं, चाकं चढवली. मावशीही येऊन ठेपल्या आणि टेंपोच्या मागे प्लास्टिकच्या स्टुलावर बसल्या. वस्ताद टेंपोसमोर उभे राहिले आणि हाताने 'ये, ये' करू लागले. धाकटीने पहिला गिअर टाकला.

टेंपो वस्तादांकडे पाठ न फिरवता त्यांच्यापासून लांब जाऊ लागला.

"अगं, पुढे घे, पुढे!" मावशी किंचाळल्या.

"पुढेच घेतेय!"

"मग मी मागे बसून चिरडले का जातेय?"

मावशींनी टायरांच्या ढिगावर उडी मारली. त्या वयात ती उडी म्हणजे कमालच. स्टूल मात्र गेलं. ब्रेक लागला. धाकटीने घाबरून मागचा गिअर टाकला, तर टेंपो शहाण्यासारखा पुढे सरकला. झाकणाआड मला काही दिसत नव्हतं, पण हसू आवरत नव्हतं. खरं सांगतो, लाजही वाटत होती.

"पुढे एक गिअर आणि मागे चार!" मावशी ढिगावरूनच कडाडल्या. "हॉटेलात चादरी काय पाठमोरी नेऊन देऊ?"

मला पुन्हा उघडलं. तेल परातीत ओतलं, झाकण निघालं आणि तीन चेहरे माझ्यावर वाकले. धाकटी क्राउनकडे बघतच राहिली. तिने खिशातून मोबाइल काढला, फोटो पाहिला, मग बापाकडे पाहिलं. तिला सगळं कळलं. तिने मोबाइल पुन्हा खिशात ठेवला आणि मान खाली घातली.

मावशी म्हणाल्या, "वस्ताद, मी गाडी तुमच्या भरवशावर टाकली होती, तुमच्या मुलीच्या नाही. उद्या दुसरीकडे नेते. आणि चार लोकांना सांगतेही."

मला धाकटीचा राग आला. अगं, दाखव ना तो फोटो! पण तिचा हात खिशावरून हलेना.

वस्तादांनी खिशातून चष्मा काढला. काच पुसली, चष्मा चढवला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. मग माझ्या लोखंडी कवचावर कोरलेलं साल पाहिलं.

"ताई," ते म्हणाले, "तिने बरोबर बसवलं होतं. ती जेवायला गेली तेव्हा मी उलटं केलं. मला वाटलं पोरीची चूक झाली, झाकून टाकावी."

"मग मघाशी बोलला का नाहीत?"

"तिची झाकायला गेलो ते ठीक. आता माझीही झाकू का?"

मावशींनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग म्हणाल्या, "वेळ लागणार असेल तर मला बसायला दुसरं काहीतरी द्या."

धाकटी पुन्हा माझ्याशेजारी आडवी झाली. "बाबा, बॅटरी जरा इकडे."

वस्तादांनी आयुष्यात कुणासाठी बॅटरी धरली नव्हती. ते गुडघ्यांवर बसले. क्राउन जागेवर गेला तसे ते हळूच म्हणाले, "उजवीकडेच ना गं?"

"हो बाबा, उजवीकडेच."

सगळे बोल्ट लागले, एक उरला. सवयीने तिने पाना त्यांच्यापुढे केला.

"बॅटरी धरलीय, दिसत नाही का?" वस्ताद खेकसले. "आवळ तूच."

तिने तो आवळला. तेव्हा झाकणाआड मला भरून आलं, पण माझ्याकडे तेलाशिवाय गाळायला काही नाही, आणि ते गाळलं असतं तर पोरीवरच बालंट आलं असतं. म्हणून मी कोरडाच राहिलो.

तेव्हापासून मी ठणठणीत आहे. चारही गिअर पुढे. टायरवाल्याने दुसरीकडे जागा पाहिली. तुमच्याकडे माझं मागणं एवढंच की माझं तेल वेळेवर बदला, आणि मुलांनी केलेलं काम सुधारायचंच असेल तर आधी त्यांना जेवून परत येऊ द्या.

परवा तेलासाठी पुन्हा गॅरेजात आलो. मावशींनी दारातूनच हाक मारली, "वस्ताद!"

आत दोन स्टुलं सरकल्याचा आवाज झाला. मग जरा वेळाने त्यातलं एक पुन्हा कुरकुरलं. हाक आता धाकटीला होती, म्हणून म्हातारबुवा खाली बसले होते.