माणूस आत आहे

मी लिफ्टच्या टपावर उभा राहून दोर तपासत होतो, तेव्हा फोन आला. बायको शिवणाच्या कारखान्यात मशीनवरच कोसळली होती. मी दवाखान्यात पोचलो तोवर सगळं संपलं होतं. त्या धावपळीत मुख्य स्विचवर टांगलेली माझी पाटी तशीच राहिली : 'माणूस आत आहे. चालू करू नये.' आमच्या कामात नियम पक्का आहे. जो आत गेला, पाटी त्यानेच काढायची. त्या इमारतीतली माणसं तीन दिवस जिने चढली, पण पाटीला कोणी हात लावला नाही. चौथ्या दिवशी मी जाऊन ती काढली आणि पिशवीत टाकून घरी आणली.

मुलगी सहा वर्षांची. साखरेचा डबा कुठेही ठेवा, शोधून काढते, म्हणून तिला मुंगी म्हणतो. आई गेली हे मी तिला त्याच दिवशी सांगितलं होतं. ती "हं" म्हणाली. पुढे काही विचारलं नाही.

महिन्याभराने एका रविवारी सकाळी तिने आईचा फोन माझ्या हातात दिला.

"बाबा, खेळ लाव."

मायलेकींचा खेळ मी बघितलेला होता. फोनमधला एआय गोष्ट सांगायचा, मध्येच थांबून कोण काय करतं ते विचारायचा, आणि दोघी घरभर ते करून दाखवायच्या. खाट म्हणजे डोंगर, खाटेखाली गुहा. मी लावला.

"या, या! आई दिवा शोधायला गुहेत शिरली होती," फोन बोलला. "मुंगी बाहेर पहारा देत होती. आता आईची पाळी. आई, आत काय दिसतंय?"

मी फोन पालथा घातला.

"तुला नाही विचारलं त्याने," मुंगी म्हणाली. "आईला विचारलंय. थांबूया."

मेहुणी भांडी घासायला आली होती. ती आतून म्हणाली, "भावोजी, उडवून टाका ते भूत. पोरीच्या डोक्यात नाही नाही ते भरेल."

"आणि तिने विचारलं तर?"

"विचारू दे की! सांगायला नको का कधीतरी?"

"सांगितलंय गं मी."

"तुम्ही सांगितलंत. तिने ऐकलंय का?"

मी फोन घेऊन न्हाणीघरात गेलो आणि दार लावलं. हळूच म्हणालो, "आई वारली. खरी आई."

"फार वाईट झालं," तो म्हणाला. "गोष्टीतल्या आईचं काय करायचं, ते मी परस्पर ठरवणार नाही. तिच्या वतीने बोलणारही नाही. मुलीला विचारून तुम्ही दोघांनी ठरवा. घाई नाही. तोवर गोष्ट इथेच थांबवतो."

मला वाटलं होतं, यंत्रच ते, काहीतरी करून मोकळं होईल. गोष्टीतल्या आईला मारेल, नाहीतर परत आणेल. दोन्हीची मला धास्ती होती. त्याने ते माझ्यावरच टाकलं, तेव्हा धास्ती आणखी वाढली.

बाहेर आलो तर खाटेच्या कडेला माझी पाटी टांगलेली. मुंगी शेजारी मांडी घालून बसली होती.

"ही कशाला गं इथे?"

"आई आत आहे ना. कोणी चालू करायचं नाही."

मेहुणीने नळ बंद केला.

"मी काढू का?" मी विचारलं.

"वेडा आहेस का बाबा? तूच सांगतोस ना, जो आत गेला त्यानेच काढायची म्हणून?"

मी होय म्हणालो.

कामासाठी मी नवी पाटी मागून घेतली. मुंगी जेवते, शाळेत जाते, हसतेसुद्धा. खाटेपाशी वाकली की मी हातातलं काम सोडून तिच्याकडे बघतो. फोनने विचारायला सांगितलेलं मी तिला अजून विचारलेलं नाही. पाटी काढलेली नाही, आणि खाटेखालचा केरही.