ताप उतरला त्या दिवशी

आमच्या यार्डात जुने टायर येतात. समुद्रापलीकडून, कंटेनर भरून. तिकडच्यांनी फेकलेले आम्ही निवडतो. चालणारे विकायचे, बाकीचे कापायचे.

जास्त मावावेत म्हणून टायर एकात एक पिळून कोंबलेले असतात. चुकीचा आधी ओढला की अख्खी भिंत अंगावर. कुठला आधी ओढायचा ते फक्त माझ्या दादाला कळतं. म्हणून मालक त्याला पहिलवान म्हणतो. पगार मात्र माझ्याइतकाच देतो.

कंटेनर उघडायच्या आधी मालक प्रत्येकाच्या तळहातावर अंगदुखीची गोळी ठेवतो. दुखायच्या आधीच घ्यायची. गोळी, घोटभर पाणी, मग हातमोजे. आमच्याकडे हीच पद्धत.

दादाला ताप आला तेव्हा डोळ्यांच्या मागे ठणकतंय म्हणाला. रक्त तपासलं. डेंग्यू. दादा हसला. "मागे एकदा होऊन गेलाय. माझी आणि त्याची ओळख आहे."

"तो घरचा जावई असल्यासारखं बोलताय," वहिनी म्हणाली.

दवाखान्यात सांगितलं होतं, झोपून राहा, पाणी प्या, ताप गेला तरी रोज रक्त तपासायला या. शेवटचं वाक्य आम्ही कुणी मनावर घेतलं नाही. ताप गेल्यावर दवाखान्यात कोण जातं?

मग एका सकाळी ताप उतरला, दादाचं अंग गार लागलं. वहिनी त्याच्या कपाळावर हात ठेवून आनंदाने रडलीच. तेवढ्यात मालकाचा फोन, दादाने स्पीकरवर घेतला.

"पहिलवान, ताप कसाय?"

"उतरला."

"मग ये की! कंटेनर उभाय, त्याचं भाडं चढतंय. तुझ्याशिवाय ही गाढवं टायरला हात लावत नाहीत."

दादाला ते आवडलं. माझ्यासमोर म्हटलं म्हणून जास्तच आवडलं.

"पोटात दुखतंय म्हणालात ना पहाटे?" वहिनी दारात आडवी उभी. "भाऊजी, तुम्ही तरी सांगा."

"ताप गेला ना? मग?" दादा तिच्या बाजूने निघून गेला.

यार्डात मालकाने गोळी दिली. दादाने घेतली. मीही घेतली. गोळी अंगदुखीची होती, आणि त्याचं अंग दुखत होतं. यात विचार करण्यासारखं काय होतं?

कंटेनर अर्धा रिकामा झाला तेव्हा तो खाली बसला. थुंकला. लाल.

"हिरडी असेल," म्हणाला. मग उलटी झाली, काळी. हातपाय बर्फ.

मालक लांबूनच ओरडला, "त्याला गेटबाहेर सावलीत बसव रे!" सावली आतही होती.

मी वहिनीला फोन केला. ती गाडी घेऊनच आली, गाडीवाल्याला वाटेत काय दम दिला असेल देव जाणे. मालकाकडे तिने बघितलंही नाही.

हॉस्पिटलात डॉक्टरबाईंनी विचारलं, "काही औषध घेतलंय?"

मी गोळीचं नाव सांगितलं. बाईंनी डोळे मिटले. "डेंग्यूत ही गोळी? हिने रक्तस्राव वाढतो. आणि ताप उतरतो ना, खरा धोका तेव्हाच सुरू होतो. आधी कधी डेंग्यू झाला होता का?"

"हो."

"चार प्रकार आहेत याचे. एक होऊन गेला तर त्या एकापासून सुटका. दुसरा आला की जास्त बिघडू शकतं."

बाहेर बाकड्यावर मी फोनवर वाचत बसलो. दुसरं करणार काय. जुन्या काळी जहाजांवरच्या पाण्याच्या पिंपांतून डेंग्यूचा डास देशोदेशी गेला. त्याचा एक भाऊबंद नंतर जुन्या टायरांतून पसरला. अंडी आतल्या बाजूला चिकटतात, महिनोन्‌महिने कोरडी राहतात, पाणी लागलं की जिवंत. आता निम्म्या जगाला याची भीती आहे. वाचता वाचता माझ्या हातांना टायरचाच वास येत होता.

मालकाला फोन करून डासांचं आणि टायरांचं सांगितलं. तो म्हणाला, "माझा माल कोरडा असतो. डास काय फक्त माझ्याच यार्डात आहेत? डॉक्टरसमोर असलं काही बरळू नकोस."

दादा वाचला. किती वेळ त्याचं काही खरं नव्हतं, ते वहिनीच्या चेहऱ्यावर अजून आहे. रक्त चढवलं, सलाइन लावलं, ती उशाशी बसून नाकातला कापूस बदलत राहिली.

बोलता यायला लागल्यावर दादा पहिलं काय म्हणाला? "मालकाला फोन लाव."

मी लावला. स्पीकरवर.

"मालक, माफ करा. कंटेनर अर्धाच राहिला."

"अरे, तो कधीच झाला. नवीन माणूस मिळालाय. दोन टायर पडले अंगावर, पण शिकतोय. तू आता निवांत आराम कर." कट.

दादाने फोनकडे एकदा बघितलं. मग वहिनीकडे वळला. "तुला कुणी सांगितलं होतं गाडी घेऊन धावत यायला? जरा बसलो असतो सावलीत, उठलो असतो. हातातलं काम घालवलंस माझं."

मी तोंड उघडणार, वहिनीने मानेनेच नको म्हटलं. दादाच्या नाकातून परत थोडं रक्त आलं होतं. तिने पुसलं.

"बोलू नका," ती म्हणाली. "बोललात की येतं."